टीचरबाईंच्या माडीवरचं घर

"ती पिवळी टाकी दिसते का, अक्का? तिच्या पलीकडं घर बघू नका. तिथं आठ-आठ दिवस पाणी येत नाही," वनिता म्हणाली.

आम्ही तिच्या गच्चीवर उभ्या होतो. मे महिन्याची सकाळ होती आणि कोइमतुरात येऊन आम्हाला तीन दिवस झाले होते. वनिता, माझी धाकटी जाऊ, कठड्याला टेकून बोटानं एकेक भाग दाखवत होती. गिरणीच्या मागं दारूचं दुकान आहे, संध्याकाळी बाईमाणसाला तिथून जाता येत नाही. रुळांच्या पलीकडं भाडं कमी, पण पावसाळ्यात खालच्या खोल्यांत पाणी शिरतं. देवळामागची गल्ली चांगली, पण तिथले लोक परमुलखातल्यांना घर देत नाहीत.

"तुला एवढं सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

"ऐकून," ती म्हणाली आणि हसली.

मला तिचं हसणं आवडलं नाही. स्वतः चिरेबंदी भिंतीच्या आत, लिंबाच्या झाडाखाली राहायचं आणि थोरल्या जावेला बोटानं गल्ल्या वाटून द्यायच्या, असं मला ते वाटलं.

हे कुठून आलं तेही सांगते. आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत; त्याला आम्ही गलाई म्हणतो. माझा दीर जालिंदर असाच लहान वयात गावातून निघाला आणि कोइमतुरात स्वतःचं दुकान टाकून बसला. माझे हे थोरले, हणमंत. हे विट्याला यंत्रमागावर होते. दिराचं लग्न झालं, वनिता त्याच्यामागं गेली, आणि तेव्हापासून पाच वर्षं मी सासूबाईंच्या तोंडून एकच ऐकत होते. धाकटीच्या घराला लोखंडी फाटक आहे. धाकटीच्या घराला गच्ची आहे. पत्रातून फोटो आला होता, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावला होता. मी रोज दिवा लावताना ते फाटक बघायची. मग माग बंद पडले, दिरानं ह्यांना दुकानावर बोलावून घेतलं, आणि आमच्या सात वर्षांच्या सारिकाला घेऊन आम्ही मिरजेहून बंगळूर, तिथून कोइमतूर असे येऊन पडलो. थोरली असून धाकट्या जावेच्या दारात. ते मला गिळवत नव्हतं.

घर मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडंच राहिलो, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत वनिता रोज मला बाहेर घेऊन जायची. मंडईत, देवळात, भांड्यांच्या दुकानात. एक वस्तू घ्यायची तर दहा दुकानं हिंडायची, प्रत्येक ठिकाणी तमिळमध्ये भरभरून बोलायची. दुकानदार हसायचे, सारिकाच्या हातावर काहीबाही ठेवायचे. मी मागं पिशवी धरून उभी. मला एक शब्द कळत नव्हता. ही आपली मिजास दाखवतेय, असं मी रात्री ह्यांना म्हणालेसुद्धा.

एकदा तर घरी परत येताना ती वाट चुकली. दोन वेळा त्याच चौकात आलो.

"पाच वर्षं राहून घर सापडेना तुला?" मी म्हणाले.

"बोलायच्या नादात झालं, अक्का," ती म्हणाली, आणि एका म्हातारीला वाट विचारून आली.

जालिंदरनं आमच्यासाठी घरं दाखवली ती सगळी आपल्या लोकांच्या गल्लीत. खाली गलाईची दुकानं, वर खोल्या. जिन्यातच तेजाबाचा वास घशाला लागायचा. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याच्या भट्टीचं धुराडं.

"तिथंच घ्या, अक्का," वनिता म्हणाली. "आपल्या भागातल्या सतरा बायका आहेत तिथं. हळदीकुंकू असतं, भिशी असते. दुपारी सगळ्या जिन्यात बसून गहू निवडतात. किती बरं वाटेल तुम्हाला."

"मग तू का राहत नाहीस तिथं?" मी विचारलं.

उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं. "वैनी, तिथं दिवसभर कोण येतं कोण जातं, काही ठिकाण आहे का? हे घर कसं, एकदा फाटक लावलं की चिंता नाही. ह्या भागात असलं सुरक्षित घर दुसरं नाही."

मी मनात म्हटलं, म्हणजे सुरक्षित घर तुम्हाला आणि तेजाबाचा जिना आम्हाला.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भाजी निवडत असताना वनिता एकदम म्हणाली, "अक्का, एक सांगू? कुणाला बोलू नका. मी एक घर हेरून ठेवलंय."

"कुणासाठी?"

"आमच्यासाठी. इथून दोन गल्ल्या सोडून. एक टीचरबाई आहेत, विधवा, शाळेत हिंदी शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. खाली त्या राहतात, वर माडी रिकामी आहे. खाली दिवसभर शिकवणीला मुली येतात-जातात. दार एकच, त्यांचं न् वरच्यांचं मिळून, आणि जिना घरातूनच वर जातो. शाळा समोर, दवाखाना कोपऱ्यावर. भाडंही ह्यापेक्षा कमी. दारावर येणाऱ्या फुलवालीकडून मी निरोप धाडलाय. ह्यांना पण कसंबसं पटवलंय, भाडं वाचतं म्हणून हो म्हणालेत. शुक्रवारी आगाऊ रक्कम द्यायला जायचं."

सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी भाजी निवडायची थांबले. पाच वर्षं मी जे घर फोटोत बघितलं, ते हिला पुरत नव्हतं. आता हिला याहून चांगलं पाहिजे होतं. मूलबाळ नाही, तरी शाळेसमोर. आणि माझ्या पोरीनं मात्र धुराड्यासमोर अभ्यास करायचा.

"चांगलं आहे की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बुधवारी, वनिता आंघोळीला गेली तेव्हा मी सारिकाचा हात धरून बाहेर पडले. देवळात जाऊन येते, असं जालिंदरला सांगितलं. दोन गल्ल्या सोडून शाळा सापडली, शाळेसमोर निळ्या दाराचं घर सापडलं. टीचरबाई ओसरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होत्या. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा. माझं मोडकं हिंदी ऐकून त्यांनी मला समोर बसवलं, सारिकाला केळं दिलं, आणि कोण कुठल्या ते विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे फुलवालीनं निरोप आणला होता, त्या तुम्हीच का?"

"ती माझी धाकटी जाऊ," मी म्हणाले.

"तिला शब्द दिलाय मी. शुक्रवारपर्यंत थांबते म्हटलंय."

इथं मला उठून येता आलं असतं. बरं, असं का, म्हणून पोरीला घेऊन निघाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण घरात गार वारा येत होता, समोरच्या शाळेचं पटांगण दिसत होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर वनिताचा तो उजळलेला चेहरा होता.

"तिचा बेत बदलला," मी म्हणाले. "तिला आता नको आहे घर. म्हणून तर मी आले."

टीचरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग वर नेऊन खोल्या दाखवल्या.

ह्यांना मी दुकानावरून परस्पर बोलावून घेतलं. मागावरून सुटताना मिळालेली रक्कम ह्यांच्याकडं होती. "हे वनितानं बघितलेलं घर नव्हे ना?" ह्यांनी विचारलं, कारण जालिंदर दुकानात काहीतरी बोलला होता. "तिला नकोय ते," मी ह्यांनाही सांगितलं. एकदा बोलून गेल्यावर दुसऱ्यांदा काहीच जड गेलं नाही.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी सांगून टाकलं. वनिता भात वाढत होती. तिनं ह्यांच्या ताटात वाढलं, भांडं खाली ठेवलं, आणि माझ्याकडं बघितलं. मी लोणच्याची फोड चाखत होते.

"चांगलं झालं, अक्का," ती म्हणाली. "सारिकाला शाळा जवळ झाली."

जालिंदरला उलट मोकळं वाटल्यासारखं झालं. "बरं झालं वैनी तुम्हीच घेतलंत. मला तसंही हे घर सोडायचं जिवावर आलं होतं. हिचाच हट्ट चालला होता."

शुक्रवारी आम्ही सामान हलवलं. निघताना वनिता फाटकापर्यंत आली. सारिकाला तिनं पोटाशी धरलं आणि तिचे डोळे भरून आले. मी ते बघितलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं असं काही होतं की जे तिला हवं होतं.

त्या घरातले पहिले दिवस मी उत्सवासारखे काढले. सकाळी खाली शिकवणीच्या मुली मोठ्यानं पाठ म्हणायच्या, दुपारी टीचरबाई हाक मारून कॉफी द्यायच्या. सारिका पंधरा दिवसांत तमिळ अंक शिकली. गावाकडं सासूबाईंना मी पत्र लिहिलं, चार पानी. शाळा, दवाखाना, वारा, सगळं लिहिलं. धाकटीला हे घर पाहिजे होतं, पण आम्हाला मिळालं, हेसुद्धा लिहिलं.

वनिताला मात्र मी घर बघायला बोलावलं नाही. आधी म्हटलं, लावून झालं की बोलवू. मग म्हटलं, तिनं आपण होऊन यावं. दोन गल्ल्यांचं तर अंतर. ती आली नाही. रविवारी जालिंदरबरोबरसुद्धा आली नाही. मला वाटलं, फुगून बसली आहे. बसू दे. आता तिला कळेल, दुसऱ्याच्या घराचे फोटो बघणं काय असतं ते.

एकदा टीचरबाईंनी विचारलं, "तुमची जाऊ कधी दिसत नाही?"

"तिला बाहेर जायची आवड नाही," मी म्हणाले. नऊ दिवस जिनं मला गावभर फिरवलं, तिच्याविषयी.

सतरा दिवस गेले. पंधराव्या दिवशी गावाकडून कुणीतरी आलं होतं, त्याच्याबरोबर सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया पाठवल्या होत्या. निम्म्या वनिताच्या. मी तीन दिवस तो डबा तसाच ठेवला आणि अठराव्या दिवशी दुपारी, सारिका शाळेत असताना, तो घेऊन निघाले. जाताना चांगली साडी नेसले. काय बोलायचं तेसुद्धा मनात ठरवलं होतं. घरात वारा इतका येतो की पंखा लागत नाही, असं सुरुवातीलाच सांगायचं होतं.

फाटकाला बाहेरून कुलूप होतं. पितळेचं, मुठीएवढं.

मला वाटलं, बाहेर गेली. मी वळणार इतक्यात गजांमधून आत लक्ष गेलं. घराचं दार सताड उघडं होतं आणि दाराच्या पायरीवर वनिता बसली होती. डावा पाय पाण्याच्या बादलीत. डोकं चौकटीला टेकलेलं.

"वनिता," मी हाक मारली.

तिनं दचकून मान वर केली. मला बघून ती आधी पदर सारखा करू लागली.

"काय झालं ग पायाला?"

"काही नाही, अक्का. भाताची पेज सांडली."

"कधी?"

"झाला असेल तासभर."

"मग दवाखान्यात नाही का गेलीस? उघड बघू फाटक."

तिनं कुलपाकडं बघितलं.

"अगं उघड की. किल्ली कुठं आहे?"

"दुकानात," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मी कुलूप हातात धरून बघितलं, जणू ते दोन्ही बाजूंनी उघडत असेल. मग मला समजलं.

"आज विसरून लावून गेले का?"

"रोज लावतात."

"रोज?"

"तुम्ही होता तेव्हा नव्हतं." ती हळू बोलत होती. आमच्या मधे बारा-पंधरा पावलं होती आणि गज होते. "नऊ दिवस नव्हतं. नाहीतर पहिल्या वर्षापासून आहे."

"आणि तू कुणाला हाक मारली नाहीस? तासभर अशी बसून आहेस?"

"काय सांगू हाक मारून? मला बाहेर येता येत नाही म्हणून सांगू?" तिनं ओंजळीनं पाणी घोट्यावर घेतलं. "शेजारच्या म्हणतात, किती काळजी घेतो नवरा. सगळेच म्हणतात घर सुरक्षित आहे. तुम्हीपण म्हणालात."

मी म्हणाले होते. कोइमतुरात आल्याबरोबर सासूबाईंना लिहिलेल्या पहिल्याच पत्रात तसं लिहिलंही होतं.

डबा मी तिथंच फाटकाच्या गजांतून आत सारला आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षा केली. रस्त्यानं जाताना एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. ती गच्चीवरून भाग का दाखवत होती. पाच वर्षं राहून वाट का चुकली. प्रत्येक दुकानात हात लावत, बोलत का उभी राहायची. तमिळ कुठं शिकली असेल, तर गजांतून, फुलवालीशी. आणि टीचरबाईंची माडी. दार एकच, त्यांचं न् वरच्यांचं मिळून. हे सांगताना तिचा चेहरा का उजळला होता. ज्या घरात खाली टीचरबाई राहतात आणि दिवसभर मुली येतात-जातात, त्या घराला कुणाला बाहेरून कुलूप लावता येत नाही.

आणि ते घर मी घेतलं होतं.

दुकानात जालिंदर गल्ल्यावर होता, हे मागं भट्टीशी. दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"भावजी, फाटकाची किल्ली द्या," मी म्हणाले.

"कसली किल्ली, वैनी? संध्याकाळी मी येतोच आहे घरी."

"वनिताचा पाय भाजलाय. तासभर बादलीत घालून बसलीय."

त्याचा हात खिशाकडं गेला आणि थांबला. "मी जातो," तो म्हणाला. "एवढं गिऱ्हाईक झालं की निघतो."

तोवर हे मागून आले होते. हातातला चिमटा तसाच. ह्यांनी आयुष्यात धाकट्या भावाला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. त्यात आता दुकान त्याचं होतं, आमचं पोट त्याच्यावर होतं.

"कसलं कुलूप?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. गिऱ्हाइकांना मराठी येत नव्हतं, तरी ती दोघं उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

"दादा, परका मुलूख आहे," जालिंदर म्हणाला. "ही आली त्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत एका बाईला मारून अंगावरचं सोनं नेलं. भरदुपारी. मी दिवसभर इथं. माझा जीव तिकडं. गावाकडं काय तोंड दाखवलं असतं मी? मग लावत गेलो."

तो खोटं बोलत नव्हता. पण भीती त्याची होती आणि कुलपाच्या आत ती होती.

ह्यांनी चिमटा खाली ठेवला, तळहात पुढं केला आणि तसेच उभे राहिले. शेवटी जालिंदरनं किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी ती मला दिली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वनिताच्या पायाला मलमपट्टी केली. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी सोलली होती. दोन आठवडे पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथून टीचरबाईंचं घर पन्नास पावलांवर. मी आणि दवाखान्यातली एक बाई अशा दोघींनी तिला धरून आणलं. निळ्या दारातून आत येताना तिनं मान वर करून सगळीकडं बघितलं. घर तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोवर तिनं ते फक्त ऐकलं होतं.

वर चढवता येईना म्हणून तिला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. टीचरबाई पाणी आणायला आत गेल्या. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"वनिता, मी टीचरबाईंना खोटं सांगितलं. तुला घर नको आहे म्हणून सांगितलं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"त्याच दिवशी फुलवाली आली होती. टीचरबाईंनी विचारायला धाडलं होतं, खरंच बेत बदलला का म्हणून."

"मग?"

"मी हो म्हटलं."

मला तिच्याकडं बघवेना. खाली फरशीवर कुणा मुलीनं खडूनं काहीतरी काढलं होतं, त्याच्याकडं मी बघत राहिले.

"का म्हटलंस?"

"परक्या बाईसमोर तुम्ही खोट्या ठरला असता. नव्यानं आलेल्या तुम्ही, मग घर कुणी दिलं असतं?" तिनं पट्टीचं टोक सारखं केलं. "आणि मला वाटलं, अक्का त्या घरात राहिल्या तर मला बोलावतील. ये म्हणतील. थोरल्या जावेनं बोलावल्यावर ह्यांना नाही म्हणता येणार नाही. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी."

सतरा दिवस ती वाट बघत होती आणि सतरा दिवस मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा. तिनंही कधी काढलं नाही.

संध्याकाळी जालिंदर तिला न्यायला आला तेव्हा मी दारात उभी राहिले. "दोन आठवडे पाय टेकायचा नाही असं डॉक्टर म्हणालेत. दिवसभर तिचं कोण करणार? ती इथंच राहील. तुम्ही जेवायला इकडं येत जा." तो ह्यांच्याकडं बघू लागला. हे सारिकाला पाढे शिकवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

दोन आठवड्यांचा महिना झाला. मी म्हणायची, अजून सूज आहे. टीचरबाई म्हणायच्या, अजून सूज आहे. जालिंदर रोज दुकानातून येऊन ओसरीवर बसायचा, शिकवणीच्या मुलींच्या गलबल्यात बायकोशी दोन शब्द बोलायचा आणि एकटाच त्या मोठ्या घरात झोपायला जायचा. बायको दिवसभर उघड्या दाराच्या घरात होती आणि तिला काही झालं नव्हतं, हे तो रोज बघत होता. एक दिवस त्यानं आपण होऊनच विचारलं, "वैनी, ही आता परत यायची नाही म्हणते. काय करू?"

"तुम्ही इथं या," मी म्हणाले. "आम्ही तिकडं जातो."

तसंच झालं. भाडं आम्हाला थोडं जड गेलं, ते जालिंदरनं ह्यांच्या पगारात बघून घेतलं. त्या घरात गेल्यावर ह्यांनी पहिल्यांदा वेल्डिंगवाल्याला बोलावून फाटकाची कडी कापून टाकली. फोटोतलं घर मला मिळालं. तिथं दुपारी इतकं शांत असायचं की लिंबाचं पान पडलेलं ऐकू यायचं. मी चार महिने काढले आणि मग आम्ही आपल्या लोकांच्या गल्लीत गेलो, तेजाबाच्या जिन्यावर. तिथं खरंच सतरा बायका होत्या.

आता असं म्हटलं पाहिजे की माझा मत्सर तेव्हा संपला. तो संपला नाही. वनिता टीचरबाईंच्या हाताखाली लहान मुलींना शिकवू लागली. पुढं ती स्वतः टीचरबाई झाली. अख्खी गल्ली तिला वनिताटीचर म्हणायची. सारिका शाळा सुटली की आधी तिच्याकडं जायची. दोघी तमिळमध्ये बोलायच्या, हसायच्या, मी आले की मराठीत यायच्या. दहावीनंतर कुठले विषय घ्यायचे ते काकूनं ठरवलं. लग्नाच्या आधी बघायला आलेल्या पोरानं काय विचारलं, काय सांगितलं, ते काकूला आधी कळलं. मी माझ्याच पोरीच्या लग्नात आतून जळत होते आणि वरून अक्षता वाटत होते.

गेल्या वर्षी सारिकाची बदली चेन्नईला झाली. बँकेत आहे ती. पोर लहान, नवरा आधीच तिकडं गेलेला आणि कामात बुडालेला. नवं शहर, घर कुठल्या भागात घ्यावं याचा घोर.

"आई, मी काकूला बरोबर नेते घर बघायला," तिनं फोनवर सांगितलं. "तिला त्यातलं कळतं. तू एवढा प्रवास करू नको, तुझे गुडघे दुखतात."

"ने की," मी म्हणाले.

दोघी गेल्या. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. ह्यांनी चहा मागितला तर कप आदळला. माझ्या पोरीचं घर, माझ्या नातवाची शाळा, आणि निवड करणार वनिता. मी टीव्ही लावून बसले, पण काय चाललंय ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वनिताचा फोन आला. मागं रहदारीचा आवाज होता.

"अक्का, नऊ घरं बघितली. एक बरं वाटतंय. सारिका म्हणते आजच पैसे देऊन टाकू. मी म्हटलं, अक्कांनी बघितल्याशिवाय नाही. घरमालकाला परवापर्यंत थांबवलंय मी."

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले.

"कळतंय की नाही ते आल्यावर बघू."

"आणि मला नाही आवडलं तर?"

"तर दुसरं बघू. मी आहे अजून चार दिवस इथं."

मी फोन ठेवला. ह्यांनी पेपरातून मान वर केली. काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीचं तिकीट मिळतंय का बघा. वनितानं बोलावलंय."